जोतीराव काय म्हणाले असते

कपाच्या कानाला साखरेचा एक दाणा चिकटला होता आणि रामकिसन मास्तर मघापासून त्याच्याकडेच बघत होते, कारण मान वर केली असती तर समोर श्रेया दिसली असती. त्यांची सून. मुलगा शिवम वारल्यापासून छावणी भागातल्या या घरात दोघंच — सासरा, सून आणि टीव्हीचा आवाज...

"आबा, इंद्रजीतचं स्थळ नको मला."

नको? मास्तरांना वाटलं होतं, ती आधी संकोचेल, डोळे पुसेल, मग हो म्हणेल. विधवेनं पुन्हा संसार मांडावा हे जोतीरावांनी तेव्हा सांगितलं, आपण आज तरी ऐकणार का? — हे विचारून जन्मभर त्यांनी व्याख्यानांत टाळ्या घेतल्या होत्या. सुनेसाठी स्थळ बघितलं म्हणून भावकी उलटली, तेव्हा छाती कशी भरून आली होती...

"लोकांना भितेस व्हय?"

"नाय आबा. लग्नच नाय करायचं. बजाजनगरला खोली बघितलीय, कंपनी जवळ पडंल. एकटी राहीन."

"एकटी? अगं, जोतीराव म्हणायचे—"

"त्यांनी त्यांच्या वेळच्या बायांचे हाल बघितले, म्हणून बोलले. तुम्ही मला विचारलं का, मला काय पाहिजे?"

ती चिडली नव्हती. तेच जास्त लागलं. डबा भरून ती कामावर गेली.

दुपारी क्रांती चौकाजवळ व्याख्यान होतं. 'हे विचार आजही लागू पडतात' — नेहमीचं वाक्य तोंडाशी आलं आणि अडकलं. लागू पडतात म्हणजे कसे? जोतीरावांनी निदान बायांचे हाल तरी बघितले होते. मी काय बघितलं? एका घरात राहून... समोरचे लोक खोळंबले. कुणीतरी पाण्याचा पेला पुढं केला. मास्तर कसंबसं बोलले, टाळ्याही पडल्या, आणि ते पायीच घराकडं निघाले. ती इंद्रजीतकडं गेली असती तरी घर रिकामंच होणार होतं — पण ते रिकामपण चारचौघांत मिरवता आलं असतं. हे नुसतंच रिकामं.

संध्याकाळी श्रेया भाजी निवडत बसली होती. मास्तर दारात येऊन उभे राहिले.

"त्या खोलीला... खिडकी हाय का गं?"

तिनं चमकून बघितलं. मग हळूहळू सांगू लागली — खिडकी, नळ, शेजारची कडूबाई... जाऊ नकोस, असं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. ते जोतीरावांच्या काय, कुणाच्याच नावानं म्हणता येण्यासारखं नव्हतं. मास्तर खाली बसले आणि ऐकत राहिले, पुढं आपण काय बोलणार आहोत हे जन्मात पहिल्यांदाच ठाऊक नसताना...