सर्व्हरवरचं हिरवं पाकीट

शिंचू शहरातल्या प्रयोगशाळेत यीचेनने प्रोग्रामला लागणारं तेच पॅकेज पुन्हा इन्स्टॉल केलं. सर्व्हर म्हणाला, झालं. प्रोग्राम चालवला तर म्हणे, असं पॅकेजच नाही.

"डोकं फिरवतंय मेलं!" ती करवादली.

शेजारच्या टेबलावरच्या क्वोदादाने, सर्व्हर गुणी राहावा म्हणून तिथल्या रिवाजाप्रमाणे त्याच्यावर ठेवलेलं खाऊचं हिरवं पाकीट उचलून तारीख बघितली. "अगं, हे कधीच शिळं झालंय. रुसणार नाही तर काय!"

तणतणत खाली जाऊन तिने ताजं पाकीट आणून ठेवलं. एरर तशीच. मग मात्र तिने शांतपणे तपासलं, पॅकेज जातंय कुठे आणि प्रोग्राम चालतोय कशावर. सर्व्हरवर प्रोग्राम चालवणारे दोन पायथन निघाले, एक जुना, एक नवा. पॅकेज जुन्यात जात होतं, प्रोग्राम नव्यावर चालत होता. नव्यात इन्स्टॉल करताच प्रोग्राम मुकाट चालला.

"बघ, पाकिटाचा गुण!" क्वोदादा म्हणाला.

"कपाळाचा गुण! आत दोन पायथन होते, दादा."

"दोन? आणि आपण पाकीट एकच ठेवत होतो?" तो तसाच उठून दुकानात गेला.

यीचेनने कपाळावर हात मारला. मग पहिलं पाकीट जरा सरकवून तिने शेजारी जागा केली.