डावीकडे चिकटलेल्या तारखा

...तारीख रकान्याच्या डावीकडे चिकटली होती. १७/०२. तिच्या वरची ०३/०२ मात्र उजव्या कडेला – आणि मोनिकाला आधी वाटलं, असेल काहीतरी, संगणकाचं रोजच काहीतरी असतं. पण नजर खाली उतरत गेली तसं दिसलं, डावीकडच्या सगळ्या तारखांत दिवस बाराच्या पुढचे, उजवीकडच्या सगळ्यांत बारापर्यंतचे. सतरावा महिना नसतो, म्हणून डावीकडच्या संगणकाला कळल्याच नव्हत्या. ज्या कळल्या, त्या त्याने महिना आधी धरून उलट्या वाचल्या होत्या. तीन फेब्रुवारीचा झाला होता दोन मार्च.

आरोग्य केंद्रात नवा संगणक आला तेव्हा गरोदर बायांची जुनी यादी तिनेच त्यात उतरवली होती. शेवटच्या पाळीची तारीख असली की बाळंतपणाची तारीख आपोआप निघायची. काही ओळींत निघाली नाही, तिथं तिने बोटांवर मोजून भरली. का निघत नाही हे कुणाला विचारलं नाही, कारण डॉक्टरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं, आणि कौतुक झालेल्या माणसाने विचारायचं कसं?

०३/०२ समोर नाव गुड्डीचं. गोसीखुर्द धरणामुळे उठून इकडे वसलेल्या गावातली. पहिलं बाळंतपण पोट चिरून झालेलं, म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं – या खेपेला आठ दिवस आधीच भंडाऱ्याला न्यायचं, कळांची वाट पाहायची नाही. पडद्यावर बाळंतपणाची तारीख सात डिसेंबर. खरी तारीख दहा नोव्हेंबर. आज सहा नोव्हेंबर.

मागच्या आठवड्यात तिची सासू गिरजाबाई तिला घेऊन याच टेबलापाशी उभी होती. सिस्टर लसीकरणाला गेलेल्या.

"आमच्या गावचा शंकरपट झाला न, त्याच्या दुसऱ्या रोजापासून मोजून राहिली मी. दिवस भरत आले हिचे."

बैलांच्या शर्यतीवरून सुनेचे दिवस मोजणारी बाई... मोनिकाला हसू आलं होतं, आणि ते तिने लपवलंही नव्हतं. "मावशी, कम्प्युटर चुकत नाही. महिना आहे अजून." गुड्डी कमरेवर हात ठेवून हळूहळू पायऱ्या उतरली.

दोन मिनिटांचं काम. तारखेची पद्धत बदलायची, यादी पुन्हा उतरवायची, सगळं सुतासारखं सरळ. कुणाला कळणार आहे? मी नाही सांगितलं तर... सिस्टर नवी यादी घेऊन जातील, गुड्डीला आणतील, आणि मी हसले होते हे फक्त त्या दोघींना... पण सिस्टर उद्या येणार. आणि उजवीकडे आणखी चौदा नावं.

तिने फोन लावला. गिरजाबाईनेच उचलला.

"मावशी, गुड्डी कुठी आहे?"

"बांधीत. धान कापायले गेली. तुम्हीच सांगतलं न, महिना आहे म्हणून. काहून?"

"तिले आत्ता घरी आणा. गाडी पाठवते मी. तुमचं मोजणं बरोबर होतं, माझंच चुकलं."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज तेवढा.

"सकाळीच गुड्डी म्हणे, कंबर धरून आली," गिरजाबाई शांतपणे म्हणाली. "मीच म्हटलं, जाय. म्याडमनं हिशोब केला हाय." मग चपला ओढल्याचा आवाज, आणि दूर जात जात कुणाला तरी मारलेली हाक.

फोन तिकडे तसाच चालू राहिला होता. मोनिकाने खिडकीतून ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलं आणि फोन कानाला लावून बसली. मघाची लाज, कुणाला कळेल ही भीती कुठल्या कुठे गेली होती. आता फक्त त्या रिकाम्या घरात कुणीतरी परत येऊन फोन उचलावा, एवढंच तिला हवं होतं.