शेवटचा बुडबुडा

थोरलीने गिटारचे दोन्ही पिकअप वितळलेल्या मेणात सोडले, काचेचं झाकण दाबून बसवलं आणि पंप सुरू केला. काटा खाली उतरला तशी मेणातून बुडबुड्यांची दाटी वर आली. पंप खरं तर कवळ्यांच्या साच्यांसाठी होता. प्लास्टरमध्ये हवा राहिली तर साच्याला पुटकुळ्या येतात, आणि मग डॉक्टर फोन करून सुनावतात. शनिवारी दुपारी दातांच्या लॅबमध्ये कोणी नसतं. तिने तापमान पाहिलं. पासष्ट. याहून फार वर गेलं असतं तर पिकअपचं स्वस्तातलं प्लास्टिक वाकलं असतं.

धाकट्या भावाच्या हातची यादी तिने समोर भिंतीला टेकवून ठेवली होती. सगळ्यात स्वस्त गिटारचा किट मागवायचा, जोडायचा आणि एकेक भाग बदलत तिला महागड्या गिटारच्या पंगतीला नेऊन बसवायचं, असा त्याचा बेत होता. नऊ कलमं. खुंट्या, स्विच, वायरिंग, तारा टेकतात ती पट्टी... पहिली चार त्याने स्वतः खोडली होती. अकरा महिन्यांपूर्वी कामावरून परतताना एका ट्रकने त्याच्या स्कूटरला उडवलं, आणि पाचव्यापासून पुढचं तिच्याकडे आलं.

तो असतानाच तिने एकदा आपल्या बारीक कानशी त्याला देऊ केल्या होत्या. तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, तू माझ्या गिटारला कवळी बसवूनच थांबशील."

पाचव्यापासून आठव्यापर्यंत आईनेही हात लावला. गिटारची मान धरून बसली, कानशीचा भुगा ब्रशने झाडला. नवव्याला मात्र अडली. 'पिकअप मेणात. शिटी बंद,' एवढंच त्याने लिहिलं होतं. आवाज वाढवला की गिटार कर्कश शिटी मारायची. पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे असतात. ते सैल असले की गिटारच्या तारांनीच नाही, टकटकीने, बोलण्यानेही थरथरतात आणि तेही स्पीकरमधून ऐकू येतं. मेण आत मुरलं की वेढे जागच्या जागी गप्प बसतात.

"ते एक राहू दे की गं," आई म्हणाली होती.

"त्यानेच लिहिलंय, आई."

"लिहायचा तो काहीही. रोज दाढी करीन असंही लिहिलं होतं कपाटावर."

थोरलीला वाटलं, शेवटचं कलम खोडलं की त्याचं काही करायचं उरणार नाही, म्हणून आई अडते आहे. तिलाही तीच भीती होती. पण त्याच्या बँडमध्ये बेस वाजवणारा मित्र, बेसवाला, ही गिटार दोनदा मागून गेला होता आणि रविवारी पुन्हा येणार होता. त्याला ती सांगणार होती, गिटार इथेच राहील, तू येऊन वाजवत जा. घरात आठवड्यातून एकदा तरी ती वाजेल. त्यासाठी ती वाजण्याजोगी हवी.

बुडबुडे विरळ झाले. मग एकेक. मग थांबले. घड्याळात वीस मिनिटं झाली होती. खात्रीसाठी तिने आणखी दहा मिनिटं पंप चालू ठेवला.

संध्याकाळी आई डोळ्यांच्या डॉक्टरकडून आली ती डोळ्यांत औषध घालून तशीच पडून राहिली. थोरलीने धाकट्याच्या खोलीत बसून पिकअपच्या वायरी डाग देऊन जोडल्या, तारा चढवल्या, आवाज हळूहळू वाढवत नेला. शिटी नाही. पिकअपवर नखाने टिचकी मारली. काही नाही. तिने नववं कलम खोडलं.

रविवारी सकाळी ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. धाकट्याच्या खोलीतून स्पीकर चालू झाल्याचा टप्प आवाज आला. आई पुसायला गेली असेल, असं तिला वाटलं. मग आईचं बोलणं ऐकू आलं. ओला टॉवेल हातात तसाच घेऊन ती दारापर्यंत गेली.

आई पलंगाच्या कडेला बसली होती. गिटार मांडीवर आडवी होती, आणि तारांपाशी तोंड नेऊन ती म्हणत होती, "आई, भूक लागली."

ती थांबली. स्पीकरकडे पाहिलं. आवाजाचं बटण थोडं फिरवून पुन्हा वाकली.

"आई, भूक लागली गं."

मग तिला थोरली दिसली.

"बिघडलं वाटतं," आई म्हणाली.

"नाही. नीट झालंय. काल मेणात..."

"अच्छा."

आईने बटण जिथे होतं तिथे परत आणून ठेवलं. थोडा वेळ ती तारांवरून पदर फिरवत राहिली.

"माझाच आवाज असायचा गं. मला कळत नाही का? पण यातून आला की बारीक व्हायचा, नाकातला. फोनवर त्याचा यायचा तस्सा. एकदा पुसताना बोट कापलं, 'आई गं' म्हटलं, तर तिकडून तोच म्हणाला."

"रोज?"

"तू लॅबला गेलीस की. त्याचं मी बोलायचे, आणि मग माझं मी."

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? म्हातारी गिटारशी बोलते म्हणून?"

थोरलीने टॉवेल खुर्चीवर टाकला. गिटार घेऊन पिकअप सोडवले, केस वाळवायचा ड्रायर आणला आणि गरम हवेखाली कागदावर धरून राहिली. कडेने मेणाचे चार-पाच थेंब ओघळले. मग ओघळायचे थांबले. आई शेजारी उभी राहून पाहत होती.

"निघतंय?"

"वरचं."

"आतलं?"

मेण विरघळवणारं औषध लॅबमध्ये होतं, पण त्याने तारेवरचा लेपही गेला असता आणि पिकअपच बंद पडला असता. आणि आत हवेचा कणही उरलेला नव्हता. तो उरू नये म्हणूनच ती पंपापाशी अर्धा तास उभी होती.

"नाही निघणार, आई."

"थोडंसुद्धा?"

तिने मान हलवली.

"तुझं काम पक्कंच असतं," आई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. थोरली ड्रायर बंद करायचा विसरली. आईनेच तो तिच्या हातातून घेऊन बंद केला.

बेसवाला चारला आला तेव्हा गिटार पुन्हा जोडून तयार होती. त्याने आवाज पूर्ण वाढवला, एक लांब सूर धरला आणि मान वर केली. त्याचे डोळे भरले होते.

"काकू, त्याला हेच हवं होतं. अगदी हेच. किटची गिटार आहे म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही."

थोरलीने ठरवलेलं वाक्य जुळवायला घेतलं. तेवढ्यात आई म्हणाली, "घेऊन जा."

"आई..."

"घेऊन जाऊ दे. इथे काय करायचंय आता तिचं?"

बेसवाल्याने एकदा आईकडे, एकदा थोरलीकडे पाहिलं. मग त्याने गिटार पिशवीत घातली, जपून, डोक्याकडून. आई खाली बसून स्पीकरच्या वायरीची गुंडाळी करत होती.

दारात तो थांबला.

"ताई, एक विचारू? माझ्या घरी एक जुनी पडलीये. अशीच स्वस्तातली. शिटी मारते, बोललं तरी ऐकू येतं तिच्यातून. तिलाही एवढं मेण पाजाल का?"

थोरलीने दाराची कडी धरली होती.

"घरी कोण कोण असतं तुझ्या?"

"आई, बाबा, धाकटी बहीण. का हो?"

"मग नको," ती म्हणाली.

त्याला कळलं नाही. कारण ऐकायला तो क्षणभर थांबला. आई उठली, वायरीची गुंडाळी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "जिना उतरताना सांभाळून."