मेथी, जांभूळ आणि मे महिन्यातले मोजे

भर मे महिन्यात बेलापुरात घरातल्या घरात मोजे घालून बसणारा माणूस एक तर परदेशातून आलेला असतो, नाहीतर काहीतरी लपवत असतो. यज्ञेश्वर गुरुजी आजवर नाशिकच्या पलीकडे गेले नव्हते.

ते लपवत होते उजव्या अंगठ्याखालचा फोड. नवी चप्पल चावली, एवढंच निमित्त. एकवीस दिवस झाले तरी फोड जायचं नाव घेईना, उलट कडा काळवंडू लागल्या. दुखत मात्र काही नव्हतं, आणि गुरुजींना घोर होता तो त्याचाच. थोरल्या भावाचंही दुखलं नव्हतं. पाऊल कापल्यावर तो एवढंच म्हणाला होता, "अरे, साधा फोड तर होता."

तीन महिन्यांपूर्वी श्रीरामपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मधुमेहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. गुरुजींनी त्या विकत आणून कपाटात ठेवल्या. गोळी एकदा सुरू झाली की जन्माची, असं त्यांनी ऐकलं होतं. त्यापेक्षा आधी नैसर्गिक उपाय. पण तोही डोळे झाकून नाही. चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसानं पुरावा बघायला नको? दोन उमेदवार उभे राहिले: मेथीदाण्याची पूड आणि जांभळाच्या बियांची पूड.

जुन्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पानावर रकाने आखले गेले. सूनबाई यामिनीनं पुण्याहून मोबाईलवर पाठवलेली संशोधनं गुरुजींनी भिंगातून वाचली. मेथीच्या बाजूनं माणसांवरचे काही प्रयोग होते, पण माणसं मोजकी आणि दिवस थोडे. जांभळाच्या बाजूनं बहुतेक उंदीर. मेथीला बेचाळीस गुण पडले, जांभळाला एकतीस. पास व्हायला पस्तीस लागतात. गुरुजींनी सवयीनं जांभळाला चार गुण वाढवून दिले. चार गुणांसाठी त्यांनी कधी कुणाचं वर्ष वाया घालवलं नव्हतं.

मग प्रात्यक्षिक. शेजारचे सोपानराव, निवृत्त वायरमन, साखरेच्या बाबतीत गुरुजींना सीनियर होते. त्यांनी मेथी घ्यायची, गुरुजींनी जांभूळ, आणि दर गुरुवारी सकाळी अनशापोटी ओट्यावर बसून यंत्रावर रक्ताचा थेंब द्यायचा.

आज बारावा गुरुवार होता.

"एकशे अठरा," सोपानराव म्हणाले. "मेथी लई भारी हाय, गुरुजी."

गुरुजींचं यंत्र जरा विचार करून दोनशे चौतीस म्हणालं. त्यांनी बोट पुसून दुसरं टोचलं. दोनशे एकोणचाळीस. मोज्यातला अंगठा आतल्या आत जड झाल्यासारखा वाटला.

"ठरलं," गुरुजी शिक्षकाच्या आवाजात म्हणाले. "मेथी प्रथम श्रेणीत. उद्यापासून मी मेथी. अजून तीन महिने बघू."

तीन महिने म्हणताना त्यांना भावाची रिकामी चप्पल दिसली.

गुरुजींच्या पत्नी सुमेधाताई बिनसाखरेचा चहा घेऊन आल्या. आधी त्यांनी कागद बघितला, मग मोजे बघितले.

"सोपानभावजी, तुम्ही गोळी कधी घेता हो?"

"सकाळी येक, संध्याकाळी येक. चार वर्सं झाली, वैनी. येक दिवस चुकवली न्हाई."

यंत्र टिक करून आपोआप बंद झालं.

"तुम्ही गोळ्या घेता?" गुरुजी म्हणाले. "मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलंच न्हाई! तुमच्या कागदावर मेथीचा रकाना हुता, मी मेथीचं सांगितलं. अवांतर लिवलं की तुमी गुण कापायचे, आमच्या पोरीनंच सांगितलंय."

गुरुजींनी पेनाला टोपण लावलं. बारा आठवडे ते मेथीच्या नावावर गोळीचा पेपर तपासत होते. मग कुणाकडे न बघता त्यांनी वाकून उजवा मोजा काढला.

सुमेधाताई ओरडल्या नाहीत. गुरुजींना भीती वाटली ती त्याचीच. त्या आत गेल्या आणि कपाटातल्या गोळ्या, पाण्याची बाटली आणि पिशवी घेऊन आल्या.

"भावजी, गाडी काढायची?"

"टेम्पोच आनतो, वैनी. पाय लांब करून बसतील."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखम बघितली, कधीपासून म्हणून विचारलं आणि एकवीस दिवस ऐकून मान खाली घातली. मग पायाला कुठवर जाणवतं ते तपासायला एक बारीक नायलॉनची तार काढली.

"डोळे मिटा. टोचलं की हो म्हणा."

गुरुजींनी डोळे मिटले. आयुष्यभर प्रश्न विचारले, आणि या एकाचं उत्तर त्यांना येत नव्हतं. त्यांनी एक डोळा किंचित उघडला.

"गुरुजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॉपी नको."

शेजारून सुमेधाताईंचा हात आला आणि दोन्ही डोळ्यांवर बसला. तो गार होता.

"अंगठा?"

गुरुजींनी वाट बघितली. सरळ हो म्हणून टाकावं, असं फार वाटलं.

"नाही," ते म्हणाले.

"इथं?"

"नाही."

दाराशी सोपानरावांनी घसा साफ केला. तार टाचेकडे सरकली असावी. निदान डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीचा आवाज तरी सरकला.

"आणि आता?"

गुरुजींनी सुमेधाताईंचं मनगट घट्ट धरलं.

"हो," ते म्हणाले. "थोडं. पण हो."