ट्रॅक्टरची खांदेमळणी

“आक्का, ह्याला शेंब्या कुठं बसवायच्या?” हौसराव गड्यानं विचारलं. बैलांच्या शिंगांच्या पितळी शेंब्या त्याच्या हातात होत्या आणि समोर लाल ट्रॅक्टर उभा होता.

“दिव्यांवर बसीव की!” मालकाची आई आक्काबाई म्हणाली. “दिवसाउजेडी जायाचं, दिवं काय चाटायचेत?”

शहात्तर सालची गोष्ट. भांडगावात भादवी पोळा होता आणि सर्जेरावाच्या गोठ्यात एकही बैल नव्हता. उन्हाळ्यात त्यानं सगळे बैल विकले होते आणि ट्रॅक्टर आणला होता. पण सण काय गोठा बघून थांबतो का? आक्काबाईनं फर्मान काढलं, पोळा ट्रॅक्टरचा करायचा.

हौसरावाला तेवढंच हवं होतं. त्याचा सारा जन्म मालकांच्या बैलांमागं चालण्यात गेलेला. बैल गेले तेव्हा तो गोठ्यात तोंड लपवून रडला होता. मग सर्जेरावानं त्याला केडगावच्या कासम मिस्त्रीकडं धाडून ट्रॅक्टर शिकवून आणलं, आणि जन्मात पहिल्यांदाच हौसरावाला बसून करायचं काम मिळालं. काय त्या गादीचा थाट! गावातले लोक त्याला अहोजाहो करू लागले. बायको बानूबाई चारचौघींत ‘आमचं डायवर’ म्हणू लागली. फक्त दोनदा त्यानं गोठ्याची भिंत पाडली होती. ब्रेक दाबायच्या आधी तो बैलांच्या सवयीनं “हो हो हो” म्हणून ओरडायचा, आणि भिंत काही बाजूला व्हायची नाही.

“मामा,” सर्जेराव त्याला म्हणाला होता, “पोळ्यापातुर बघतो. दौंडचं एक शिकलेलं पोरगं हाय. पुन्यांदा काय झालं तर त्याला आनावं लागंल.”

त्या दिवसापासून हौसरावाला झोप गोड लागेना. गादी गेली की पुन्हा खुरपं, पुन्हा पायपीट. म्हणून तो ट्रॅक्टरला पोटच्या पोरासारखा जपत होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात, हळद-तेलानं खांदे चोळतात. हौसरावानं वाटीभर गोडं तेल घेतलं आणि ट्रॅक्टरला चोळायला सुरुवात केली. आता ट्रॅक्टरला खांदा कुठला? म्हणून त्यानं काहीच सोडलं नाही. इंजिनावरच्या टपावर चोळलं, टपाखाली इंजिनावर चोळलं, हात आत घालून सांदीकोपऱ्यातसुद्धा चोळलं. ट्रॅक्टर असा चकाकला, की सर्जेरावानं त्यात बघून मिशी सारखी केली.

पोळ्याच्या सकाळी थोडी बाजरी मळायची राहिली होती. हौसरावानं ट्रॅक्टर खळ्यावर गरागरा फिरवला. भुसकाट उडालं आणि तेलावर जाऊन चिकटलं. वरचं त्यानं फडक्यानं झाडलं, आतलं कुणाला दिसतंय? मग दुपारी ट्रॅक्टर सजला. दिव्यांवर शेंब्या, पुढं घुंगरमाळ, आणि टपावर बैलाची जुनी भरजरी झूल. झुलीचं एक टोक धुराड्याला टेकलं होतं. आक्काबाईला तर ते फारच शोभिवंत वाटलं.

मिरवणुकीत पहिला मान ज्ञानदेवाच्या खिलारी जोडीचा. त्यामागं हलगी, आणि हलगीमागं ट्रॅक्टर. हौसराव नवा पटका बांधून ताठ बसला होता. वेशीजवळ झुलीतून बारीक धूर निघाला.

“वा रं वा!” ज्ञानदेव मागं वळून म्हणाला. “टॅक्टराला ऊद बी लावलाय व्हय?”

लोक हसले. हौसरावही हसला. मग गुडघ्यांना धग लागली आणि टपाखालून जाळाचा लोळ बाहेर आला.

“आगं आयायाया! पेटला, पेटला!”

लोक वाट दिसेल तिकडं पळाले. हलगीवाला पळता पळताही वाजवत होता. वेशीला लागून ज्ञानदेवाची कडब्याची गंज होती. हौसरावानं एकदा गंजीकडं पाहिलं. उडी मारावी असं त्याला अगदी मनापासून वाटलं. पण त्यानं गिअर टाकला, पेटता ट्रॅक्टर मारुतीच्या देवळापुढच्या मोकळ्या पटांगणात नेला, इंजिन बंद केलं आणि मगच उडी टाकली.

ओवाळायला आलेल्या बानूबाईनं हातातली घागर इंजिनावर रिकामी केली. जळतं तेल पाण्यासकट तडतडत उसळलं.

“भाभी, पानी नको! माती टाका, माती!” पुरणपोळी खायला आलेला कासम मिस्त्री ओरडला.

देवळाच्या कट्ट्यासाठी खणलेल्या मातीचा ढीग होता. अख्खं गाव त्याच्यावर तुटून पडलं. जो तो मुठी भरभरून माती टाकू लागला. ते बघून आक्काबाईला राहवलं नाही, तिनं मेलेल्या माणसावर काढतात तसा गळा काढला. आग विझली तेव्हा शेंब्या काळ्या पडल्या होत्या, वायरी जळाल्या होत्या आणि हौसरावाच्या भुवया गेल्या होत्या.

“ह्या ज्ञानदेवाची नजर लागली!” आक्काबाई कडाडली. “ऊद म्हनला का न्हाई? ऐकलंसा ना समद्यांनी?”

“आक्का, तोंड सांभाळून बोला!” ज्ञानदेवानं बाह्या सारल्या. सर्जेरावही पुढं झाला. सगळ्या गावाला नजरेचं कारण पटलं होतं. हौसरावाचं नाव कुणी घेत नव्हतं. गप्प राहिलं की गादी त्याचीच होती. तो दोघांच्या मधे जाऊन उभा राहिला.

“नजर न्हाई मालक,” तो म्हणाला. “म्या तेल चोळलं व्हतं. खांदेमळणी केली.”

“कुनाची?”

“टॅक्टरची.”

सर्जेरावानं कासमकडं पाहिलं. कासमनं आत हात घालून काळं चिकट भुसकाट बाहेर काढलं. “तेल, त्याच्यावर भुसकाट, आन् तापल्या धुराड्याला झूल,” तो म्हणाला. “पेटंल न्हाई तर काय हुईल?”

हौसरावानं कमरेची चावी काढून मालकाच्या हातात दिली.

“उद्यापास्नं त्या पोराला बोलावतो, मामा,” सर्जेराव खाली बघत म्हणाला.

“व्हय. त्याला तेवढं सांगा, सांजच्याला इंजान थंड झालं की आतलं भुसकाट झाडायचं, तेल कोरड्या फडक्यानं पुसायचं. आन् वर कायबी पांघरायचं न्हाई.”

आता ट्रॅक्टर घरी न्यायचा कसा? “ज्ञानदेवाची जोडी जुंपू,” कुणीतरी म्हणालं.

“आज?” ज्ञानदेव आणि हौसराव एकदम ओरडले. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवतात होय? मग माणसांनीच ढकलायचं ठरलं. सर्जेराव ऐटीत गादीवर चढला, स्टेअरिंग भलतीकडं फिरवलं आणि पुढचं चाक गटारात घातलं.

तो मुकाट्यानं खाली उतरला. “मामा, बसा वर,” म्हणाला आणि मागं जाऊन ढकलायला लागला.

हौसरावानं गादीवरची माती पटक्याच्या शेवानं पुसली आणि तो बसला. मागं मालक, ज्ञानदेव, कासम आणि निम्मं गाव घाम गाळत होतं. रंगवलेले बैल रस्त्याकडेला रवंथ करत उभे होते. सर्जेरावाच्या वाडीचं वळण आलं, पलीकडं गोठ्याची भिंत दिसू लागली. घर आणखी थोडं लांब असतं तर बरं झालं असतं, असं हौसरावाला वाटलं.