न काटलेला डाव

मित्रांनो, माझ्यात बावन्न पानं आहेत, आणि त्यातल्या चार पानांची मला लाज वाटते. मी पत्त्यांचा जोड. आता जुना झालोय, माझ्या कडा मऊ पडल्यात, किलवरच्या दश्शीवर चहाचा डाग आहे. पण डागाचं काही नाही. डाग सगळ्यांना दिसतो. मी सांगणार आहे ते न दिसणारं.

माझी सुरुवात चांगली झाली होती. कारखान्यात छापलो, कापलो, चकाकलो आणि आगगाडीनं बुऱ्हाणपुरात आलो. तिथल्या एका गिरणीच्या साहेबांचा छोटासा क्लब होता. साहेब लोक पोकर खेळत. आपल्या तीनपानीचाच तो थोरला भाऊ म्हणा. तिथली शिस्त फार कडक होती. पत्ते मेजाच्या वरच राहिले पाहिजेत. वाटणाऱ्यानं जोड मेजालगत, सगळ्यांना दिसेल असा धरायचा. आणि पिसून झालं की शेजाऱ्यापुढे ठेवायचा. शेजारी जोडाचे दोन भाग करून खालचा भाग वर ठेवी. यालाच पत्ते काटणं म्हणतात. बाप पिसो, मुलगा काटो, त्याचं कुणाला वाईट वाटत नसे. मला वाटायचं, सगळ्या जगात असंच खेळतात.

वर्षभरानं नवे जोड आले आणि क्लबचा नोकर कडू मला घेऊन निघाला. त्यानं मला नंदकुमारकाकांना दिलं. नंदकुमार एका सरकारी कचेरीत वरचे कारकून होते, पंचेचाळिशीचे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. त्याच कचेरीतला तरुण कारकून मधुकर याला नोकरीला त्यांनीच लावलं होतं. मधुकर त्यांना काका म्हणायचा आणि रविवारी दुपारी दोघं मला घेऊन खेळायचे, चिंचोक्यांवर. गंमत म्हणून. पिसायचं आणि वाटायचं काकांनी. त्या दोन घरांत एक रीत होती. थोरल्यानं पिसलेले पत्ते धाकट्यानं काटायचे नाहीत. काटणं म्हणजे तोंडावर अविश्वास दाखवणं, असं ते मानत. मला ते ऐकून नवल वाटलं होतं. पण मी पत्त्यांचा जोड, मला कोण विचारतो?

मग छप्पन साल आलं. नवं राज्य होणार होतं, राजधानी भोपाळ. कचेरीत हुकूम आला की तिकडच्या नव्या कचेऱ्यांसाठी इथून एक कारकून पाठवा. साहेब म्हणाले, "काका नाहीतर मधुकर. आपसात ठरवा, सोमवारी नाव द्या."

मधुकरच्या घरी सहा महिन्यांची मुलगी होती. आई मथुराबाई, डोईफोडिया गावच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. तिकडे राहायला जागा फक्त वरच्या कारकुनांना मिळणार होती, म्हणून त्याला एकट्यालाच जावं लागलं असतं. मग तान्ह्या बाळाला आणि अंधूक दिसणाऱ्या सासूला निर्मलानं, त्याच्या बायकोनं, एकटीनं सांभाळायचं. काकांचीही अडचण होती. त्यांच्या आणि सुलभाकाकूंच्या मुलीचं, उषाचं, लग्न सिंधीपुऱ्यातल्या घरात ठरत आलं होतं, आणि गाव सोडलं तर ते मोडायची भीती होती.

काका म्हणाले, "मधू, भांडायचं कशाला? तीनपानी खेळू. वीस चिंचोके तुझे, वीस माझे. ज्याचे संपले तो भोपाळला."

मधुकर हसून म्हणाला, "मंजूर, काका."

शनिवारी काका गच्चीवर एकटेच मला घेऊन बसले. त्यांनी चारही एक्के वेगळे काढले. मग अंगठ्याचं नख एकेकाच्या कडेला रुतवायला लागले. पहिला एक्का झाल्यावर त्यांनी मला खाली ठेवलं. मला वाटलं, झालं, वाचलो. पण त्यांनी दुसरा उचलला. मित्रांनो, मी ओरडू शकत नाही. एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

रविवारी लोधीपुऱ्यात मधुकरच्या घरी सतरंजीवर डाव मांडला. निर्मला बाळाला मांडीवर घेऊन दाराशी बसली. मथुराबाई खाटेवर. काका मला छातीशी धरून पिसत होते. वरची पानं वरच्यावर फिरत होती, तळची चार-पाच मात्र जागची हलत नव्हती. नखाची खूण अंगठ्याला लागे आणि एक्के तळाला जमत. वाटताना मधुकरला वरचं पान, स्वतःला कधी वरचं, कधी तळचं. तीन एक्के घेतले तर बोभाटा होईल, म्हणून दोनच घेत. चाल वाढली की मधुकर पत्ते टाकून देई, त्यामुळे काकांना आपले दाखवावेही लागत नसत.

"काका, आज पत्ते तुमचे सगे झालेत."

"किस्मत आहे रे बेटा. चल, चाल दे."

"घ्या, दोन. अजून आहे दम!"

"दम आहे, पत्ते कुठायत?" काका हसले. ते हसू मला माझ्या अंगावर चिकटल्यासारखं वाटलं.

मथुराबाई खाटेवरून म्हणाल्या, "मधू, किती उरले रे?"

"सहा, आई."

"अन् नंदूभाऊचे?"

काकांनी पत्ते गोळा करून पिसायला घेतले.

निर्मला कॉलेजात शिकलेली होती, पण त्या दुपारी तिच्या कामी आलं ते दुसरंच. सहा महिने रात्रंदिवस बाळाचा श्वास ऐकून तिचे कान तयार झाले होते. जरा वेगळा सूर लागला की ती दचके. माझं वरचं पान सुटताना 'सर्र' आवाज होतो. तळचं ओढलं की 'खस्स'. मधुकरच्या वाटणीला नेहमी सर्र. काकांच्या वाटणीला मध्येच खस्स. तिनं तीन डाव ऐकलं. मग ती काकांच्या हाताकडे बघायला लागली. जोड छातीशी का? तळची पानं हलत का नाहीत?

मधुकरचे तीन चिंचोके उरले. काकांनी पिसलं.

"काका, या डावाला मी काटू?" निर्मलानं विचारलं.

मधुकरचं तोंड लाल झालं. "निर्मला! तू आत जा."

मथुराबाई खाटेवर उठून बसल्या. "अवं सूनबाई, थोरल्या माणसाच्या हातचे पत्ते काटतात का? उद्या त्याच्या हातचा प्रसाद बी तपासून खाशील!"

काका म्हणाले, "राहू द्या वहिनी. विश्वास नसेल तर काटू दे तिला."

"विश्वास नसता तर मी ह्यांना डावावरून उठवलं असतं, काका." तिनं बाळाला खाली निजवलं. "बाळ लहान आहे हो. एकदाच काटते."

तिनं मला सतरंजीवर ठेवून घेतलं. काटायला अंगठा कडेला लावला आणि तो थांबला. परत फिरवला. तळाकडे एक बोच, तिच्या खाली दुसरी. तिनं हळूच चार पानं ओढली आणि उताणी न करता ओळीत ठेवली.

"ही चार बोटाला लागतायत. उलटू?"

काका म्हणाले, "नको."

त्या एका शब्दात सगळं आलं. मधुकरनं तरी एक उलटलं. बदामचा एक्का. बाकीची तीन त्याच्यानं उलटवेनात.

मित्रांनो, मी त्या सतरंजीवर पडून होतो आणि मला वाटत होतं, कुणीतरी मला चुलीत घालावं. काका खाली मान घालून चिंचोके एकावर एक रचायचा प्रयत्न करत होते. ते पडत होते, काका पुन्हा रचत होते.

"उद्या माझं नाव देतो," शेवटी ते म्हणाले. "एक करा. सुलभाला कळू देऊ नका. ती माझ्याकडे बघू शकणार नाही."

मधुकर रडवेला झाला. "काका, तुम्ही नुसतं म्हटलं असतं, उषाचं लग्न आहे..."

"म्हणायचं होतं. लाज वाटली." त्यांनी चपला पायात सरकवल्या. दारात थांबून म्हणाले, "मधू, तू पहिल्याच डावाला काटले असतेस ना, तर माझी हिंमत झाली नसती. घरी जाऊन मी तुला शिव्या दिल्या असत्या आणि रात्री निवांत झोपलो असतो."

मला न्यायला कुणी हात लावला नाही. मी तिथंच राहिलो.

महिन्यानं सुलभाकाकू निरोप घ्यायला आल्या. सिंधीपुऱ्याच्या लोकांनी सोयरीक मोडली होती. लांब जाणाऱ्यांशी कशाला, म्हणाले. काकूंनी बाळाच्या हातात झबलं दिलं आणि हसल्या. "पत्त्यांत हरले म्हणे आमचे हे! नशीब बघ गं, तेही चिंचोक्यांवर! तुझं नशीब बरं, तू राहिलीस." निर्मलानं मान खाली घातली. वचन दिलं होतं, ते पाळलं. पण काकू गेल्यावर ती बाळाला छातीशी धरून किती तरी वेळ उभी होती. तिची चूक काहीच नव्हती. तरी लाज तिलाही चिकटली. खोट्या डावाचं असंच असतं. त्याची लाज ज्यानं तो खेळला त्याच्यापाशीच थांबत नाही.

तिनं मला पेटीच्या तळाशी ठेवलं, कुणाच्या हाती लागू नये म्हणून. बाळ मोठं झालं, त्याचं नाव अलका. अलकासाठी नवा जोड आला. एका दुपारी पेटी उघडी होती आणि मला सगळं ऐकू येत होतं. मथुराबाई, आता पुरत्या आंधळ्या, चाचपडत पत्ते पिसत होत्या. पिसून झाल्यावर त्यांनी जोड नातीपुढे सरकवला.

"काट वं."

"आजी, तुझ्याशी खेळताना कशाला?"

"काट म्हणते ना. मला बरं वाटतं."

मित्रांनो, पत्ते खेळा. आम्ही खेळण्यासाठीच आहोत. पण वाटणाऱ्याच्या हाताकडे डोळे असू द्या, पत्ते मोजून घ्या, कडेवरून बोट फिरवा. आणि कुणी पिसून जोड तुमच्यापुढे ठेवला, मग तो काका असो, गुरुजी असो की सख्खा भाऊ, तर भिडेपोटी हात मागे घेऊ नका. काटा. त्या रविवारी पहिल्या डावाला कुणी मला काटलं असतं, तर काकांना आपली अडचण तोंडानं सांगावी लागली असती, मधुकरनं ती ऐकली असती, उषाची वरात बुऱ्हाणपुरातच निघाली असती, आणि पुढे मधुकरच्या अंगणात जेवायला बसली असती.