गुरुप्रसाद सरांचा नाकतोडा

आमच्या रत्नागिरीच्या आर्किटेक्ट ऑफिसात ग्रासहॉपर या डिझाईनच्या सॉफ्टवेअरला सगळे नाकतोडाच म्हणतात. कॉम्प्युटरवरचा हो! त्यात चौकटी मांडायच्या, एकीतून तार काढून दुसरीला जोडायची, आणि एक पट्टी सरकवली की अख्खं छप्पर वाकतं, उठतं, बसतं. पूर्णगडच्या मासळी लिलावाचं छप्पर मी असंच उभं केलं. मी आलिया, पूर्णगडचीच. डोळे फुटायची वेळ आली होती माझी.

आणि नकाशाच्या बोर्डावर नाव कोणाचं? आमच्या साहेबांचं, गुरुप्रसाद सरांचं, एकट्याचं. माझं का नाही, असं विचारलं तर म्हणतात, "अगं, डिझाईन माझं. तू नुसत्या तारा जोडल्यास."

नुसत्या तारा! तळपायाची आग मस्तकात गेली. मनात म्हटलं, थांबा, बघतेच तुमच्याकडे.

सरांना खऱ्या नाकतोड्याची भयंकर भीती. भातकापणीच्या दिवसांत एक खिडकीतून टेबलावर आला, तर हा माणूस नाक धरून खुर्चीवर चढला. तो नाक तोडतो, असं लहानपणी कोणीतरी सांगितलेलं. मला तेवढं पुरे होतं.

गावात छप्पर दाखवायच्या सभेआधी मी उंचीच्या पट्टीची तार काढून, रात्री जागून मांडलेल्या भलत्याच चौकटींना जोडली. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन दादूकाका काय बोलणार, ते मला ठाऊक होतं. सर पावसात पूर्णगडला कधी फिरकलेच नव्हते.

पडद्यावर छप्पर बघून दादूकाका म्हणाले, "छान हाय. पण वायच खाली घ्या. पावसाची झड आत येते, मासळी भिजते."

"आत्ता घेतो!" सरांनी ऐटीत पट्टी ओढली. छप्पर कसलं खाली येतंय! त्याला ढोपरं फुटली, मिशा फुटल्या, आणि भिंतभर हिरवागार नाकतोडा सरांच्या तोंडावर वाकला. सर किंचाळून मागे सरले, दोन्ही हातांनी नाक झाकून.

"अगो बाय माझे!" मासेवाल्या बायका पोट धरून हसायला लागल्या. मला काय गार वाटलं म्हणून सांगू!

सर ही पट्टी ओढतायत, ती ओढतायत, आणि नाकतोडा नुसता उड्या मारतोय. शेवटी माझ्या कानाशी आले. "आलिया, नीट कर ना गं. नाक कापलं जातंय माझं."

मी माईक ओढला. "मला कुठं काय येतं, सर? मी नुसत्या तारा जोडते."

हसणं थांबलं. दादूकाका सरांकडे बघत म्हणाले, "मग छप्पर केलान कोणी?"

माईक मी सरांपुढे धरला. घाम पुसत ते पुटपुटले, "आलियाने."

"मोठ्यानं, सर," मी म्हटलं. "मागच्या बायकांना ऐकू नाही आलं."